सूप कोणाचं, भाव कोणाचा?

शहरात आदिवासी वस्तूंची प्रदर्शनं भरतात. बांबूच्या टोपल्या, मोहाचे लाडू, ढोल वाजवून उद्घाटन. एखादी बाई सूप विकत घेते आणि दिवाणखान्यात भिंतीला टांगते. त्यात धान्य कधी पाखडलं जाणार नाही. याला म्हणे संस्कृतीचा गौरव.

दोस्तहो, या गौरवाकडं आपण संशयानं पाहतो. पाहायलाच पाहिजे. बापजाद्यांचं काम आपल्याला गळ्यातल्या मडक्यासारखं बांधलेलं होतं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. मेलेलं ढोर ओढायचं नाही म्हणून आपल्या माणसांनी बहिष्कार सोसले. १६ ऑक्टोबर १९५६ ला इथंच, चांद्याला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, ती मागचं ओझं फेकायला. मग गोंडाच्या पोरानं बापाचाच बांबू धंदा म्हणून हाती धरला, तर आपण टाळ्या वाजवायच्या की कपाळावर हात मारायचा?

उत्तर बांबूत नाही. तो कोणाच्या सहीनं जंगलाबाहेर जातो, यात आहे.

चांदा-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद गिरणीत गेला. गिरणीला भाडेपट्टा, आदिवासीला तोडणीची मजुरी. निस्तारापुरता घरी वापरला तर ठीक. विकला की चोर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूसकट गौण वनोपज लोकांच्या मालकीची केली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, म्हणत अभ्यास गट चालवले आणि सर्वसहमतीनं निर्णय घेतले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. मालकी तुमची, पण विकायचं नाही! अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. मेंढ्यानं आपला बांबू आपण विकला. पुढं जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलाव स्वतः केले.

हा धंदा आणि भिंतीवरचं सूप, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. काम हीन नसतं, सक्ती हीन असते. ‘जोहार’ आपण टाकला, कारण तो वाकून घालावा लागे. आदिवासी तोच शब्द ताठ मानेनं म्हणतो. शब्द एकच, कणा वेगळा.

पण एक प्रश्न ग्रामसभेलाही विचारायचा. बांबू विणणारा बुरूड अनुसूचित जातीचा. त्याला बांबू कोणत्या भावानं मिळणार? हाच कायदा बिगर-आदिवासीकडं तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांच्या वस्तीचा पुरावा मागतो. दलिताच्या आजाकडं कागद कुठला? त्याच्याकडं फक्त वेठ होती. गोंडांचं स्वराज्य बुरडाच्या झोपडीपर्यंत पोचलं नाही, तर तेही अर्धंच म्हणायचं.

तेव्हा प्रदर्शनात जरूर जा. सूप हातात घ्या. नक्षी किती जुनी, हे विचारू नका. विचारा : बांबू कोणाचा? भाव कोणी लावला? आणि विणणारी बाई उद्या ‘जा, देत नाही’ म्हणाली, तर तिच्या चुलीचं काय होईल? या तिन्ही प्रश्नांना ती तुमच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर देत असेल, तर खुशाल टाळ्या वाजवा.