शब्द तेच, अर्थ निराळा



योहानकृत शुभवर्तमानात (१०:३०) प्रभू येशू आपण आणि पिता एक असल्याचे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये हा ‘एक’ नपुंसकलिंगी आहे. म्हणून पिता आणि पुत्र ही एकच व्यक्ती, असा अर्थ तेथे निघत नाही. मराठीतील ‘एक’ला लिंगभेद नसल्याने हा बारकावा अनुवादात हरवतो. मग ते एक आहेत ते कशात? येथेच कॅथलिक ख्रिस्तसभा आणि मॉर्मन मंडळी यांच्या वाटा वेगळ्या होतात.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापिलेली मॉर्मन मंडळी उत्तर देते : हेतूत. तिच्या ‘सिद्धांत आणि करार’ या ग्रंथाच्या १३०व्या प्रकरणानुसार पित्याला मनुष्यासारखेच स्पर्शगम्य, मांसास्थींचे शरीर आहे, पुत्रालाही आहे, पवित्र आत्मा तेवढा आत्मरूप. तिघे पृथक आहेत. ७ एप्रिल १८४४ रोजी इलिनॉय राज्यातील नॉवू येथील प्रवचनात तर स्मिथ यांनी सांगितले की, देव एके काळी मनुष्यासारखा होता आणि मनुष्यालाही देवत्वापर्यंत चढता येते.

हे मत हसण्यावारी नेऊ नये. योहान १७:२१ मध्ये प्रभू शिष्यांच्या ऐक्यासाठी प्रार्थना करतो. शिष्य काही एका सत्त्वाचे झाले नाहीत, याकडे मॉर्मन शिक्षक लक्ष वेधतात. चौथ्या शतकात एरियसच्या अनुयायांचाही रोख याच वचनावर होता. अथानासियस यांनी उत्तर दिले की, ‘जसे’ म्हणजे ‘तितकेच’ नव्हे. पुत्राचे जे स्वभावतः आहे, ते आपल्याला कृपेने लाभते. ३२५ साली नायसीया येथील परिषदेने पुत्र पित्याशी एकसत्त्व असल्याचे घोषित केले होते, ते यासाठीच. पुढे १२१५ च्या लॅटरन परिषदेने देव अविकारी असून त्याने सर्व काही शून्यातून निर्माण केले, असे मांडले. मॉर्मन शिकवणीत मात्र द्रव्य अनादी आहे. देव त्याची रचना करतो.

वाचकहो, हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. देव आणि मनुष्य मुळात एकाच जातीचे असतील, तर मरियेच्या उदरी जे घडले त्याचे नवल कोणते? कॅथलिक श्रद्धेनुसार ज्याला शरीर नव्हते त्याने ते आपल्यासाठी घेतले. निर्माता आणि निर्मिती यांच्यातील दरी त्याने ओलांडली. मॉर्मन मतात ती दरीच नाही.

आपल्या मराठीलाही येथे जपावे लागते. ‘तीन व्यक्ती’ म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात. देवळात नायसीयाचा मतांगीकार म्हणून घरी मुलांना तीन देव शिकवणारे कॅथलिक पालक विरळा नसावेत!

मॉर्मन बाप्तिस्म्यातही पाणी असते आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही नावे उच्चारली जातात. तो ग्राह्य आहे का, या प्रश्नावर रोमने ५ जून २००१ रोजी नकारार्थी उत्तर दिले. त्या नावांमागील अर्थच निराळा, हे त्याचे मुख्य कारण. म्हणून मॉर्मन मंडळीतून येणाऱ्याला कॅथलिक ख्रिस्तसभा बाप्तिस्मा देते. लूथरन किंवा मेथडिस्ट मंडळीत विधिवत बाप्तिस्मा झालेल्याला देत नाही. मॉर्मन मंडळीही कॅथलिकांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाही.