सर्जनच्या रकान्यात तुझं नाव आहे

दार लाव. बसू नकोस, मंगळवारी थिएटरमध्ये उभं राहायचं राहिलं, ते इथे उभं राहा.

ही ओटी नोट. सर्जन: तू. असिस्टंट: सेकंड इयरचा रेसिडेंट. केस लॅप कोलीची, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढायची. आणि त्या बाईंना भूल दिली तेव्हा तू कुठे होतास? गावाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या ओपीडीत. ‘फोनवर होतो, मॅडम’ म्हणे! फोनला कॅलोटचा त्रिकोण दिसतो का रे? पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापली जाते, तेव्हा चूक बहुधा हाताची नसते, डोळ्यांची असते. म्हणून तर सर्जन स्ट्रासबर्गने १९९५ मध्ये बजावलं: त्रिकोण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना दिसल्याशिवाय क्लिप लावू नका. त्या क्लिपच्या आधी ‘थांब, दाखव मला’ म्हणणारा माणूस शेजारी लागतो. पगार त्याचाच घेतोस ना? पोराला शंका आली, तो आपणहून थांबला, शेजारच्या थिएटरमधून लेक्चररला बोलावलं, म्हणून ती नळी आज शाबूत आहे. त्यात तुझा वाटा शून्य.

आता ‘सुरी हातात दिल्याशिवाय पोरं शिकणार कशी’ हे मला ऐकवू नकोस. तुझ्या हातात पहिली सुरी मी दिली. अपेंडिक्स होतं. तुझं मनगट थरथरत होतं आणि माझा हात वीतभर अंतरावर होता. सुरी द्यायची ती परत घेता येईल इतक्या जवळ राहून. कुठली पायरी त्याची, कुठली आपली, हे मास्क चढवण्याआधी ठरतं.

कायदा तुला परका वाटतो, म्हणून आपल्या पुण्याचंच सांगते. जोशी विरुद्ध गोडबोले. १९५३ साली समुद्रकिनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला मुलगा पुण्यात आणला. असिस्टंटला सांगितली होती दोन इंजेक्शनं, त्याने दिलं एक. पुढे भूल न देताच जोर लावून हाड बसवलं. मुलगा गेला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष ठेवला तो सर्जनवर. इंग्लंडमधला विल्शर खटलाही वाच. तिथल्या अपील न्यायालयाने १९८६ मध्ये बजावलं की नवखेपणा हा बचाव नाही. ज्या पदावर काम करता त्या पदाचं कौशल्य दाखवावंच लागेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला घातलेली नळी धमनीऐवजी शिरेत गेली होती. पण ज्या नवख्याने ती घातली त्याने वरिष्ठाला विचारलं होतं. तो सुटला, चूक न ओळखणारा वरिष्ठ दोषी ठरला. (भरपाईचं प्रकरण पुढे कारणमीमांसेवर अडलं, ते वेगळं.) तुझ्या पोराने विचारायला वर पाहिलं, तर वर कोणी नव्हतंच. तुझं काय झालं असतं?

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, निष्काळजीपणाने रुग्ण दगावला तर, नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. रेसिडेंटही नोंदणीकृत डॉक्टरच असतो. म्हणजे गफलत होऊन बाई दगावल्या असत्या तर त्या पंचविशीतल्या पोरालाही तू आपल्याबरोबर कोर्टात नेलं असतंस. त्याच्या घरी तोंड दाखवलं असतंस?

आणि त्या बाई. तू ऑपरेशन करणार, असं तू त्यांना वॉर्डात सांगितलंस. त्यांनी अंगठा उठवला तो तुझ्या शब्दावर.

आता रेकॉर्ड रूममध्ये जा. नोटमधली ओळ खोडायची नाही, व्हाइटनर लावायचा नाही. खाली आजची तारीख आणि वेळ घालून खरं काय घडलं ते लिही, सही कर. मग वॉर्डात जाऊन बाईंना स्वतःच्या तोंडाने सांग. आणि पोराच्या लॉगबुकात ‘असिस्टेड’ लिहू नकोस. ‘परफॉर्म्ड’ लिही, देखरेखीच्या रकान्यात लेक्चररचं नाव घाल. तुझं नाही.