नकोचं चित्र

कोरेगाव तालुक्यातल्या एका वाडीवर एक आजी राहायची. दोन म्हशी, विहिरीखालचं थोडं रान, मुलगा टेम्पोवर, सून घर सांभाळून रानात. नातू साडेतीन वर्षांचा. त्याला सगळे सोन्याच म्हणायचे. सोन्या हुंदडायचा, खळखळून हसायचा, रेडकाच्या गळ्यात पडायचा. पण तोंडातून शब्द म्हणून एक निघत नव्हता. काही हवं असलं की आईचा पदर धरून ओढत न्यायचा, आणि आईला उमगलं नाही तर स्वतःचंच मनगट कडकडून चावायचा. तिथं दातांचे वळ कायमचे उमटले होते.

“ह्याचा बा बी उशिराच बोलला,” असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण ती हातावर हात ठेवून बसलेली नव्हती. पोपटानं टोचलेला पेरू मिळवून तिनं नातवाला चारला. रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायचं, मधात कालवायचं आणि त्याच्या जिभेवर चोळायचं, हा तिचा नेम होता. सोन्या तोंड फिरवायचा, ती हनुवटी धरून सरळ करायची. त्याचं रडणं तिला बघवायचं नाही, तरी दुसऱ्या दिवशी सहाण पुढ्यात असायचीच. नातवानं एकदा ‘आज्जी’ म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं.

अंगणवाडीच्या बाईंनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, की आता नुसती वाट बघू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला; त्याचं पथक अंगणवाडीतली मुलं तपासायला वर्षातून दोनदा येतं. पथकातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि मायलेकरं एसटीनं साताऱ्याला गेली. तिथं आधी कान तपासले. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात, ती बेरा तपासणी. मूल बोलत नसेल तर ही पायरी कुणीही ओलांडू नये, कारण ऐकूच येत नसेल तर उपचारांची वाटच वेगळी होते. सोन्याला नीट ऐकू येत होतं.

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, “बोलणं यायचं तेव्हा येईल, त्यासाठी आपण झटूच. पण तोवर त्याच्या मनातलं मनातच का राहावं?” त्यांनी चित्रांचा तक्ता करायला सांगितला. घरातल्याच वस्तूंचे फोटो: त्याचा पाण्याचा पेला, त्याची ताटली, त्यांचंच रेडकू. शिवाय काही चित्रं अशी, जी दिवसभर कुठंही लागतात: दे, अजून, झालं, चल, दुखतंय, नको. शेवटच्या चित्रात एक हात होता आणि त्यावर लाल फुली. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन झालं, वर भोक पाडून दोरी ओवली.

आजी पुढच्या खेपेला मुद्दाम सोबत गेली. “आवं मॅडम, फोटूवर बोट ठिवून भागायला लागलं, तर त्यो तोंड कशाला उघडंल? आन् आधीच हट्टी पोरगं, त्याला वर ‘नको’ शिकवताय?”

पहिली शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते आणि ती प्रेमापोटीच निघते, म्हणून तिचं उत्तर नीट द्यायला हवं. मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी 2006 साली याच प्रश्नावरचे अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं चित्रांमुळे किंवा खुणांमुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. मॅडमनी हे आजीला सोप्या शब्दांत सांगितलं. दुसऱ्या शंकेवर त्या एवढंच म्हणाल्या, “आजी, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्यावर आपण विश्वास कसा ठेवायचा?”

घरी पहिले काही दिवस फुकट गेले. सून तक्ता पुढ्यात धरून विचारायची, “दूध कुठंय? दाव. पेला कुठंय?” सोन्या पाठ फिरवायचा. नंतरच्या खेपेला मॅडमनी ते बघितलं आणि परीक्षा घेणं बंद करायला सांगितलं. आधी मोठ्यांनी त्या तक्त्यावर बोलायचं. भाकरी वाढताना ‘अजून’वर आपलं बोट ठेवून तोंडानं “अजून?” म्हणायचं, मग मनात दहापर्यंत मोजत थांबायचं. त्याचा हात धरून बोट टेकवायचं नाही. हे थांबणंच मोठ्यांना सगळ्यांत जड जातं. सून मात्र चिकाटीची. चुलीपाशी, हौदापाशी, गोठ्यात, तक्ता सतत तिच्या गळ्यात. एका दुपारी हौदावर पाणी उडवताना सोन्याचं ओलं बोट ‘अजून’वर आलं. तिनं सगळी बादली ओतली.

आजी दुरून बघायची. तिची सहाण चालूच होती.

मग एका सकाळी वेखंडाचा उग्र वास आला तसा सोन्या पळाला. आजी मध कालवत राहिली. जाऊन जाऊन जाईल कुठं? तो परत आला तो तक्ता फरफटत घेऊन. आजीच्या मांडीवर त्यानं तो ठेवला आणि लाल फुलीवर बोट टेकवलं. आजीनं बोट मधात बुडवलं. त्यानं पुन्हा टेकवलं, नख पांढरं होईस्तोवर, आणि मान वर करून तिच्या डोळ्यांत बघितलं. एरवी तो कुणाच्या डोळ्यांत फारसं बघत नसे.

उंबऱ्यातून सून हळूच म्हणाली, “आत्या, बोलला की त्यो.”

आजीचा हात अधांतरी राहिला. ज्या बोलण्यासाठी ती इतके दिवस वेखंड उगाळत होती, ते बोलणं आलं होतं, आणि ते वेखंडालाच नाही म्हणत होतं. ते ऐकलं नाही, तर तो पुन्हा कशाला काही सांगेल? तिनं पदराला बोट पुसलं. “बरं बाबा. नको तर नको.” सहाण उचलून तिनं फळीवर ठेवली.

पुढं काही दिवस सोन्यानं ऊत आणला. सदरा नको, आंघोळ नको, अंगणवाडी नको. हे असंच होतं. नवी ताकद हाती आली की मूल ती सगळीकडं वापरून बघतं. मॅडमनी सांगितलं, मानता येईल तिथं मानायचं, आणि जमत नसेल तिथं ‘नको’वर आपलंही बोट ठेवून म्हणायचं, “कळलं, तुला नकोय. तरी आंघोळ करू.” आजीनं हे सुनेपेक्षा चांगलं उचललं. मनगटावर नवे वळ उठायचे कमी झाले. आणि ‘अजून’वर बोट ठेवताना त्याच्या तोंडून “अऊ” असा आवाज निघायला लागला.

सगळ्यांच्या तोंडी शब्द येतातच असं नाही, हेही सांगायला हवं. मुंबईत मिठू आलूर यांनी 1972 साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीमुळे. त्याच मुलीनं, मालिनी छिब यांनी, पुढं एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानंही संवादाच्या व्याख्येत अशा पर्यायी मार्गांना जागा दिली आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप चित्र दाबलं की मराठीतही बोलतं. सोन्याच्या बापाच्या मोबाइलवर ते आलं. पण रानात, पाण्यात, चिखलात लॅमिनेशनचा तक्ताच जास्त टिकला.

बेंदराला सोन्याचा मामा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला. सोन्यानं ‘दे’वर बोट ठेवलं. मामानं पेढा उंच धरला. “असं न्हाय. मामा म्हण, मग देतो.”

“ए,” आजी पोळी लाटता लाटता आतून कडाडली, “मागितलंय त्यानं. आधी दे.”

मामानं मुकाट दिला. सोन्यानं तो खाल्ला आणि ‘अजून’ दाखवलं. दुसरा दिला, तिसरा दिला. “आता तू बोट ठेव आन् झालं म्हणून सांग त्याला,” आजी म्हणाली. मामा गुडघ्यावर बसून तक्ता चाळायला लागला, पण त्याला ‘झालं’चं चित्र सापडेना. सोन्यानं मामाचं बोट धरलं आणि नेऊन ‘अजून’वर ठेवलं.