कोपऱ्यातलं घड्याळ

एका गावात एक छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, असलं काम चालायचं. मालकांनी साठी ओलांडली होती आणि संगणकाचं सगळं त्यांचा भाचा बघायचा. खिडकीपाशी आप्पा बसायचे. आप्पांची उमेदीची वर्षं शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती. पुढे खिळे भंगारात गेले, आप्पा मात्र प्रूफं तपासायला राहिले.

जुना संगणक फारच रडायला लागला, तेव्हा भाच्याने त्याच डब्यात दुसरा मदरबोर्ड आणि पहिल्या पिढीचा रायझन प्रोसेसर बसवला. २०१७ साली बाजारात आलेला तो प्रोसेसर त्याला सेकंडहँड, स्वस्तात मिळाला होता. वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र जुनाच ठेवला. चालतोय तर कशाला बदला! लिनक्स नव्याने टाकलं. आठवडाभर झकास चाललं आणि मग एके दिवशी संगणक थिजला.

पडद्यावर वधूवरांची नावं तशीच होती, माउसचा बाण तसाच होता, पण काही हलेना. भाच्याने कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून पाहिलं, काळा पडदा आला नाही. कॅप्स लॉक दाबलं, तर त्याचा दिवाही लागेना. तेव्हा त्याला कळलं की नुसता पडदा अडकलेला नाही, आतला कर्नलच गप्प झालाय. शेवटी बटण दाबून धरलं आणि पुन्हा चालू केला. संगणक स्वतः ठेवतो ती मागच्या वेळची नोंद उघडून वाचली, तर तिच्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता. बोलता बोलता माणूस उठून जावा, तशी ती संपली होती.

मग दर दोन-तीन दिवसांनी हेच सुरू झालं. मालक म्हणाले, "फाइल उघडायला गेलो की हमखास अडकतो. ह्याला काम झेपत नाही."

भाच्याने एका संध्याकाळी बाह्या सरसावल्या. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. पंख्यातली धूळ उडवली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, नवा कर्नल टाकला, स्वॅप वाढवला. दुसऱ्या दिवसापासून लग्नसराईची गर्दी उसळली. चार दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत संगणकाला उसंत नव्हती, आणि तो एकदाही थांबला नाही.

"पाचातलं काय लागू पडलं रे?" आप्पांनी विचारलं.

"काय माहीत आप्पा. पडलं ना लागू?"

पाचव्या दिवशी काम ओसरलं, आणि दुपारी संगणक थिजला.

भाचा चिडला. म्हणाला, "आता सगळं पुसून पहिल्यापासून टाकतो." आप्पांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या वेळी एक खिळा बदलला की आधी प्रूफ काढायचो," ते म्हणाले. "चार ओळी एकदम सैल केल्या, की नवी चूक कुठून शिरली ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही." मग त्यांनी पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली आणि संगणकाशेजारी ठेवली. थांबला की वार, वेळ आणि काय चाललं होतं ते लिहायचं, एवढंच.

पहिली नोंद मालकांनी केली. मंगळवार, २:३५, पत्रिका उघडताना अडकला.

आप्पांनी ती प्रूफासारखी वाचली, म्हणजे मूळ प्रतीशी ताडून. उठले, पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. गिऱ्हाइकाला नमुना दिसावा म्हणून तो पडदा कधी काळा होऊ देत नसत. त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत घड्याळ होतं. त्यात १:५२ वाजले होते.

"मालक, १:५२ला इथं कोण होतं?"

मालकांनी आठवून पाहिलं. त्या वेळी ते घरी ताटावर होते, आणि छापखान्याला कुलूप होतं.

"म्हणजे तुम्ही यायच्या आधीच हा गेला होता," आप्पा म्हणाले आणि वहीतली २:३५ खोडून त्यांनी १:५२ लिहिलं.

त्या दिवसापासून वेळ भिंतीवरच्या घड्याळाची नाही, पडद्याच्या कोपऱ्यातली लिहायची ठरली. तीन आठवड्यांत सात नोंदी झाल्या. जेवणाची सुट्टी, चहा, बँकेची फेरी, पुन्हा जेवण. एकाही नोंदीत समोर माणूस नव्हता आणि आत काम नव्हतं.

भाच्याने मग दोन रात्री दिल्या. पहिल्या रात्री प्रोसेसरला पहाटेपर्यंत जड हिशेबाला जुंपलं. सकाळी संगणक तापला होता, पण ठणठणीत होता. दुसऱ्या रात्री त्याला काहीच काम दिलं नाही. सकाळी कोपऱ्यातलं घड्याळ ३:१७वर थांबलं होतं.

एवढं कळल्यावर उरलेलं सोपं होतं. काम नसलं की हा प्रोसेसर झोपतो, आणि झोपेच्याही पायऱ्या असतात. सी६ नावाच्या गाढ झोपेत तो आपल्या गाभ्यांची वीज जवळजवळ तोडतो. मागणी इतकी खाली गेली की काही जुन्या एसएमपीएसना दाब स्थिर धरता येत नाही. भरल्या ओझ्याखाली ताठ चालणारा बैल मोकळं सोडल्यावर कोलमडावा, तसला प्रकार. त्यासाठी बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल नावाची एक ओळ असते. भाच्याने ती ओळ शोधून टिपिकल करंट आयडलवर आणली. झोपेतही विजेची मागणी फार खाली जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

"नवा एसएमपीएसही आजच मागवून टाकतो," तो म्हणाला.

"एकच खिळा," आप्पा म्हणाले.

वही चालू राहिली. थांबला नाही, थांबला नाही, असं रोज त्यात पडत गेलं. महिना झाला.

मालक काही खोटं बोलत नव्हते. ते फाइल उघडायला जायचे आणि यंत्र अडकलेलं दिसायचं, हे अगदी खरं होतं. पण दुखणं दिसण्याची वेळ आणि दुखणं जडण्याची वेळ एक नसते. ज्याच्या समोर ते उघडं पडतं, त्याच्या हातातल्या कामावर आळ येतो. घरातल्या भांडणांचंही पुष्कळदा असंच होतं.

पावसाळ्यात छपाईचं यंत्र कागद दुमडायला लागलं. मालकांनी पाना उचलला. भाच्याने वहीचं कोरं पान काढलं.

"मामा, पहिला कागद कधी दुमडला?"

"आत्ताच की."

भाचा छापून झालेल्या गठ्ठ्यापाशी बसला आणि वरून एकेक कागद उलटत खाली जाऊ लागला.