मरण मागणाऱ्याजवळ कोण बसेल?

शास्त्रपाठ : २ शमुवेल १:१-१६, १ राजे १९:१-८



गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ घशाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळले होते. रोग बरा होण्याची आशा उरली नाही, असे सांगून शहरातील डॉक्टरांनी त्यांस घरी पाठविले होते. मी भेटीस गेलो, प्रार्थना केली आणि आता उठणार, तोच त्यांनी माझा हात घट्ट धरला. आवाज जवळजवळ बसलाच होता. परंतु कान जवळ नेल्यावर शब्द कळले. "पाळकसाहेब, परदेशात म्हणे डॉक्टर औषध देऊन माणसाला सोडवितात. आपल्याकडे तसा कायदा का नाही? कुणाला तरी सांगा, एक सुई द्या आणि मला मोकळे करा."

मी काय उत्तर दिले, ते सांगण्यास मला लाज वाटते. "आबा, जीव देवाने दिला, तोच नेईल. असे बोलू नये," एवढे म्हणून मी निघालो, कारण पुढच्या गावी उपासनेची वेळ होत आली होती. माझे उत्तर शास्त्राला सोडून नव्हते. तरी वाटेत मला चैन पडेना. बोललो ते खरे होते; परंतु ते बोलून मी त्या दुखणाइताकडे पाठ फिरविली होती.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. ज्याचा रोग बरा होणारा नाही व मरण जवळ आले आहे, अशाने स्वतः मागितल्यास डॉक्टराने त्यास मरण द्यावे, अशी मोकळीक कायद्याने असावी काय? काही देशांनी "होय" असे उत्तर दिले आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९९७ पासून डॉक्टर असे औषध लिहून देऊ शकतो व रुग्ण ते स्वतःच्या हाताने घेतो. नेदरलँड्स व बेल्जियम या देशांत २००२ पासून व कॅनडात २०१६ पासून डॉक्टराच्या हातूनही हे होऊ शकते. त्या देशांतील सर्वच लोक निर्दय आहेत, असे समजू नका. त्यांपैकी पुष्कळांनी आपल्या आईबापांचे हाल डोळ्यांनी पाहून हा कायदा मागितला. म्हणून त्यांची निंदा न करता आपण शास्त्राकडे वळू या.

गिलबोवा डोंगरावरील विनंती

शौल राजा लढाईत घायाळ झाला. आता शत्रू येऊन आपली विटंबना करतील, या भयाने त्याने आपल्या शस्त्रवाहकास म्हटले की, तूच मला ठार कर. तो फार भ्याला. त्याचा हात उचलला जाईना. पुढे एक अमालेकी तरुण दाविदाकडे आला व सांगू लागला की, राजाने मजजवळ मरण मागितले, तो वाचणार नाही हे मला दिसत होते, म्हणून मी त्यास मारिले. त्याचे सांगणे पहिल्या वृत्तांताशी जुळत नाही. बक्षिसाच्या आशेने त्याने ते रचले असावे, असे पुष्कळांचे मत आहे. परंतु दाविदाने ते खरे धरूनच न्याय केला, हे लक्षात घ्या. शौल यातनेत नव्हता, असे दावीद म्हणत नाही. त्याने मरण मागितलेच नसेल, असेही म्हणत नाही. हात उगारताना तुला भय कसे वाटले नाही, एवढेच तो विचारतो.

कोणी म्हणेल, शौल देवाचा अभिषिक्त होता म्हणून दावीद असे बोलला. हे खरे आहे. परंतु उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात मनुष्याच्या रक्ताविषयी जो नियम दिला आहे, तो अभिषिक्त राजापुरता नाही; मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हेच त्याचे कारण सांगितले आहे. खाटेवर पडलेल्या, सुकून काडी झालेल्या म्हाताऱ्यावर ते प्रतिरूप राजाइतकेच आहे. रोगाने ते पुसले जात नाही.

यंत्र नाकारणे आणि विष देणे

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. "पाळकसाहेब, बापाला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवायला आम्ही नको म्हटले, आम्ही त्याचा खून केला काय?" असे मजला एका मुलाने रडत विचारिले आहे. नाही, बंधूंनो. मरण दारात आले असता त्यास यंत्राने चार दिवस अडवून धरावे, अशी आज्ञा शास्त्रात कोठेही नाही. रोगाने येणारे मरण येऊ देणे निराळे व मरण घडवून आणणे निराळे.

आपल्या देशाच्या न्यायालयांनीही हाच भेद मानला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्यामुळे त्यांच्या मेंदूस इजा झाली व त्या पुन्हा पूर्वस्थितीवर आल्या नाहीत. त्यांस या अवस्थेतून सोडवावे, म्हणून पिंकी विराणी या लेखिकेने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती विनंती नाकारिली. परंतु अशा रुग्णास जगविणारे कृत्रिम उपाय कडक तपासणीनंतर थांबविता येतील, असे ठरविले. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी आणखी एक गोष्ट मान्य केली. शुद्धीवर असताना मनुष्य आपली इच्छा लिहून ठेवू शकतो की, बरे होण्याची आशा नसेल तेव्हा मजला यंत्रांवर ठेवू नये. २०२३ पासून हा लेख दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांजपुढे करिता येतो. असा लेख करणे पाप नव्हे. मात्र औषध देऊन मरण घडविणे आपल्या देशात गुन्हाच आहे.

अरुणाबाई मरणपंथाला लागलेल्या नव्हत्या आणि त्यांस स्वतः काही मागताही येत नव्हते. म्हणून त्यांची गोष्ट आबांच्या गोष्टीसारखी नाही. तरी त्यात आपणासाठी एक साक्ष आहे. न्यायालयात रुग्णालयातील परिचारिकांनी सांगितले की, आम्ही हिला सांभाळू. आणि १८ मे २०१५ रोजी मरण येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, त्यांनी सांभाळिले. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी अरुणाबाईंस कधी चालताबोलता पाहिले नव्हते, त्यांनीही त्यांस भरविले, न्हाऊ घातले, कुशीवर वळविले. इतकी वर्षे अंथरुणात पडून अंगास जखमा झाल्या नाहीत, हे डॉक्टरांनी नमूद केले. "मारू नका" असे म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रियांनी आपल्या हातांनी मिळविला होता. मी आबांपुढे तो न मिळविताच बोललो.

एलीयाला काय मिळाले?

एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याचे मागणे मान्य केले नाही. पण त्याबद्दल त्यास धमकाविलेही नाही. त्यास झोप लागू दिली. मग दूताने स्पर्श करून उठविले; पाहतो तो उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे. तो जेवून पुन्हा निजला. दूत दुसऱ्यांदा आला व पुन्हा जेवू घातले. ही वाट तुला झेपणारी नाही, हे देवास ठाऊक होते. उपदेश मागाहून झाला. आधी झोप, भाकर, पाणी आणि स्पर्श.

आबांच्या घरी हे काम आमच्या बायबलबाईंनी केले. त्या मजसारख्या घाईत नव्हत्या. दोन संध्याकाळ उशाशी बसल्यावर त्यांस कळले की, आबांस दोन गोष्टी खात होत्या. एक, रात्रीची वेदना. साध्या गोळ्यांनी ती मुळीच हटत नव्हती. दुसरी, दुखण्यापायी बैलजोडी विकली होती व जमिनीचा तुकडा विकण्याचे बोलणे त्यांनी भिंतीआडून ऐकले होते. जमीन जाण्यापूर्वी आपण जावे, असा त्यांचा हिशेब होता. बंधूंनो, मरण मागण्याच्या आत हे मागणे होते, आणि मी ते ऐकलेच नव्हते.

कायदा का नको?

कोणी विचारील, आपल्या देशात नाना धर्मांचे लोक आहेत. आपले शास्त्र आपण सर्वांवर का लादावे? प्रश्न योग्य आहे. म्हणून शास्त्र क्षणभर बाजूस ठेवून आबांचाच हिशेब पाहा. आपल्या खेड्यांत दुखणे आले की आधी गुरे जातात, मग दागिने, मग शेत. अशा घरात मरणाची वाट कायद्याने उघडी केली, तर जो त्या वाटेने जात नाही, तो नातवंडांचा घास खात पडला आहे, असे त्याचेच मन त्यास म्हणू लागेल. कोणी जबरदस्ती करावी लागणार नाही. सुनेने एकदा सुस्कारा टाकिला तरी पुरे. ऑरेगनमध्ये रुग्णांनी सांगितलेली कारणे सरकार दर वर्षी प्रसिद्ध करते. त्यात आपण परावलंबी झालो, ही तक्रार वेदनेपेक्षा पुष्कळ अधिक आढळते, आणि घरच्यांवर भार होण्याची भीतीही पुष्कळांनी सांगितलेली असते. श्रीमंत देशात असे आहे, तर कर्जात बुडालेल्या घरात काय होईल?

कोणत्याही गोळीने न शमणारी वेदना थोड्या लोकांस असते, हे मी नाकारीत नाही. अशा वेळी जाणते डॉक्टर गुंगीचे औषध बेताने देऊन रुग्णास झोपवून ठेवतात. तेथे वेदना शमविणे हा हेतू असतो, जीव घेणे हा नव्हे.

आपल्यावरील ऋण

आता माझे मुख्य बोलणे ऐका. "मारू नका" असे जो म्हणतो, तो ऋणी होतो. त्याने दुखणाइताचे दुःख वाहिले पाहिजे.

लंडनमध्ये सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाईंनी, ज्या आधी परिचारिका होत्या व पुढे डॉक्टर झाल्या, १९६७ मध्ये मरणोन्मुख रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हे गृह उघडिले. त्यांनी दाखविले की वेदना उसळून येण्याची वाट न पाहता मॉर्फिन वेळच्या वेळी द्यावे; आणि देहाच्या वेदनेबरोबर मनाची, घराची व आत्म्याची वेदनाही पाहावी. मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना हे असे गृह १९८६ पासून आहे. केरळात कालिकत येथे १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल व त्यांच्या सोबत्यांनी हेच काम आरंभिले, आणि पुढे गावोगावचे साधे शेजारी शिकून घरोघरी दुखणाइतांकडे जाऊ लागले.

मॉर्फिन अफूपासून होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते. तरी १९८५ च्या कडक कायद्यामुळे रुग्णालये हे औषध ठेवण्यास भीत असत. २०१४ मध्ये तो कायदा या बाबतीत सैल केला आहे. म्हणून उपदेशक बंधूंनो, आपल्या गावात असा दुखणाईत असेल तर घरच्यांबरोबर जिल्हा रुग्णालयात किंवा कर्करोगाच्या रुग्णालयात जा आणि तेथे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना शमविणारी सेवा, आहे काय, हे विचारा. एकदा नाही म्हटले तर पुन्हा विचारा.

काही भाविक म्हणतात, प्रभूने वधस्तंभावर मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, म्हणून आपणही वेदना सोसावी. असे शिकवू नका. प्रभूचे दुःखसहन आपल्या पापांसाठी एकदाच झाले व पूर्ण झाले. आपल्या दुखणाइताने ते पुन्हा करावे, अशी अपेक्षा नाही. शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. सहनशीलतेवर प्रवचन केले नाही.

आबांसाठी आम्ही जिल्ह्याच्या गावाहून मॉर्फिनच्या गोळ्या आणविल्या. मंडळीतील तरुणांनी रात्री वाटून घेतल्या, तेव्हा त्यांच्या सुनेस कित्येक महिन्यांत प्रथमच सलग झोप मिळाली. मंडळीच्या वडिलांनी मुलास बसवून घेऊन जमीन न विकण्याचा मार्ग काढिला आणि ते आबांच्या कानावर घातले. मीही परत गेलो, क्षमा मागितली व बसून राहिलो. त्यांनी पुन्हा कधी मरण मागितले नाही, असे मी म्हणणार नाही; एका वाईट रात्री मागितले. पण त्या रात्री त्यांचा हात धरणारा कोणीतरी तेथे होता. भात कापणीच्या दिवसांत, पहाटे, घरची सर्व माणसे भोवती असता ते प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी उपासनेनंतर लगेच घरी जाऊ नका. आपल्या गावात अंथरुणाला खिळलेले कोण आहे, ते मोजा. मग तो ख्रिस्ती असो वा नसो. त्याजजवळ कोणत्या रात्री कोण बसेल, ते ठरवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमचे आयुष्य व मरण तुझ्या हाती आहे. यातनेत असलेल्यांची वेदना शमीव. जेथे आम्ही शब्द टाकून निघून आलो, तेथे आम्हांस परत ने. आणि आमची वेळ येईल तेव्हा आमच्या उशाशीही कोणी असो. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.