संध्याकाळी पाच वाजता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय आठ निंदित शरीरांविषयी आहे. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, अजिबात केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. पहिल्या सहांवर ग्रंथकार वेळ घालवत नाही; अध्यायाचा भर आहे तो शेवटच्या दोघांवर. लठ्ठपणाची कारणं सांगताना जड, गोड, स्निग्ध खाणं, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ही ओळखीची मंडळी येतात. बीजाचा स्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेला वाटा, हेही कारण त्यात आहे. आणि त्याच यादीत दोन कारणं अशी येतात की वाचणारा थबकतो: सदा आनंदात असणं आणि चिंतन न करणं. उपचारही त्याला धरूनच आहेत. जागरण, मैथुन, व्यायाम आणि चिंतन, हळूहळू वाढवत न्यायचं.

चिंतनपर लिहिणाऱ्या माणसाला याहून सोयीचा आधार कुठला? बसल्या जागी विचार करावा आणि पोट उतरावं. दुर्दैवानं हिशेब जमत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोनेक टक्के, पण स्वस्थ पडलेल्या शरीराच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो, हे खरं. मात्र हा खर्च ब्रह्मसूत्रांवर विचार केला तरी होतो आणि मालिका बघत बसलं तरी होतो. फरक पडतो तो नगण्य. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठाचा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. विद्यार्थिनींना एकदा पाऊण तास नुसतं बसवलं, एकदा मजकूर वाचून त्याचा सारांश लिहायला लावला, एकदा संगणकावर चाचण्या दिल्या, आणि प्रत्येक वेळी त्यानंतर हवं तेवढं खाऊ दिलं. बौद्धिक कामाला जास्तीच्या जेमतेम 3 कॅलरी लागल्या होत्या. त्यानंतर त्या जेवल्या मात्र 200 ते 250 कॅलरी जास्त. साहित्य संमेलनात जेवणाच्या मांडवाकडे मुख्य मांडवाइतकंच लक्ष का असतं, त्याचं शास्त्रीय उत्तर बहुधा हेच असावं.

जागरणाचंही तेच. शिकागो विद्यापीठात कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या 80 तरुण माणसांवर अभ्यास झाला. 2022 मध्ये तो छापून आला. अर्ध्या लोकांना फक्त झोपेच्या सवयी सुधारायला मदत केली. खाण्याबद्दल एक अक्षर नाही, व्यायामाबद्दल नाही. त्यांची झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढली आणि खाणं, दुसऱ्या गटाच्या तुलनेत, दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी घटलं. वेळेवर दिवा मालवणं ही वजन उतरवण्याची सवय असू शकते, हे अजून आपल्या पचनी पडलेलं नाही. रात्री साडेअकराला फ्रिज उघडणाऱ्याला मात्र ते समजावून सांगावं लागत नाही.

मग चरकाला मोडीत काढायचं का? मला तसं वाटत नाही. ती यादी औषधांची यादी म्हणून न वाचता एका माणसाचं वर्णन म्हणून वाचली की वेगळंच चित्र दिसतं. दुपारी झोपलेला, मजेत असलेला, कशाची फिकीर नाही, हाताला काम नाही. हा माणूस खादाड आहेच असं नाही. त्याच्या दिवसात काही घडत नाही, एवढंच. मधल्या रिकाम्या जागा भरायला त्याच्याजवळ एकच साधन उरतं, आणि ते स्वयंपाकघरातल्या डब्यात असतं.

आपल्याकडे ही रिकामी जागा नेमकी किती वाजता येते, हे घड्याळ न बघता सांगता येतं. दुपारचा चहा होतो, ऊन उतरतं, रात्रीचं जेवण लांब असतं. भूक नसते, तोंडात टाकायला काहीतरी हवं असतं. चिवडा वाटीत घेतला तर वाटी संपते, पण बहुतेक घरांत तो डब्यातूनच मुठीमुठीनं घेतला जातो, तोही उभ्या उभ्या, म्हणून त्याची गणती खाण्यात होत नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभा असलेला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवण्याचा नियम महाराष्ट्रात गावोगाव गेला. जेवण आटपायची 55 मिनिटं कुठून मोजायची, ताक चालतं का, यावर लग्नाच्या पंगतीत वाद झाले. दोन जेवणांच्या मधल्या सात-आठ तासांत माणसानं करायचं काय, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याच्यावर सोडलेला होता. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे, आणि छंदाचा संबंध येतो तोही तिथेच.

फुलवाती वळणारी बाई नीट पाहिली आहे का? आधी कापसातली सरकी आणि कचरा वेचायचा, कापूस बोटांनी मोकळा करायचा, त्याचा छोटा चपटा पेळू तळहातावर घ्यायचा, कडा वर उचलून मध्ये आणायच्या आणि दुधाच्या बोटानं टोकाला पीळ द्यायचा. दूध जास्त झालं की वात लोळते, कमी झालं की टोक सुटतं. तेलकट बोट लागलं तर कापूस बोटालाच चिकटतो. लक्ष वातींचा संकल्प सोडलेल्या घरात दुपार ते दिवेलागण हा उद्योग चाले, आणि त्या वेळात शेवेच्या डब्याला हात लावणं शक्यच नसे. शाडूचा गणपती करणाऱ्याची तीच गत. पेणच्या कारखान्यात असो की घरच्या बाल्कनीत, कोपरापर्यंत माती लडबडलेली असते, फोन वाजला तरी घेता येत नाही.

ही हाताची अडवणूक झाली. तिच्या आत आणखी एक अडवणूक आहे, ती प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी तपासली. खाण्याची तल्लफ म्हणजे बरीचशी मनातली चित्रं, असं त्यांचं म्हणणं. गरम भजी दिसतात, वास येतो, कुरकुरीतपणा जिभेवर जाणवतो. मन ते चित्र रंगवत नेतं आणि तल्लफ वाढत जाते. आकार बघणं, जुळवणं, घडवणं या कामांना मनाची तीच जागा लागते. ती जागा दुसऱ्या कामानं व्यापली की भज्यांचं चित्र पुरं होत नाही. 2012 मध्ये त्यांनी माती घडवायला देऊन चॉकलेटची तल्लफ कमी होते का ते पाहिलं, झाली. पुढे टेट्रिस हा जुना, वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ विद्यार्थ्यांना आठवडाभर दिला. तीन मिनिटं खेळल्यावर शंभरात सत्तरच्या घरात असलेली तल्लफ छप्पनच्या घरात आली. नाहीशी नाही झाली, हे लक्षात घ्यायला हवं. पण डब्यापर्यंत जाणं आणि न जाणं यांत एवढंच अंतर पुष्कळदा असतं.

विणकाम, रांगोळी, तबल्याचा रियाज, घड्याळं उघडून बसणं, मोडी कागदपत्रं लावणं, सगळे या वर्गातले. आणि काही छंद अजिबात या वर्गातले नाहीत, हेही सांगून टाकलेलं बरं. क्रिकेट बघणं हा छंद हात मोकळे ठेवतो. भिशी तर खाण्यासाठीच भरते. नव्या पाककृती करून बघणाऱ्यांविषयी मी बोलत नाही, कारण त्यांच्या घरी मी जातो.

छंदानं किती कॅलरी जळतात हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक तोच आधी विचारतात आणि त्याचं उत्तर निराश करतं. बसण्याऐवजी उभं राहिलं तर मिनिटाला 0.15 कॅलरीचा फरक पडतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं गणित आहे. सहा तास उभं राहा, 54 कॅलरी. एक केळंसुद्धा वसूल होत नाही. टांझानियातले हाडझा लोक शिकार करतात, कंद खणतात, मैलोन् मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्यांची दिवसाची एकूण ऊर्जा मोजली, तर शरीराच्या आकारमानाचा हिशेब केल्यावर ती खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्य माणसाइतकीच निघाली. शरीर एका हातानं खर्च करतं आणि दुसऱ्या हातानं काटकसर करतं.

तरी हालचाल वाया जाते असं नाही. 1956 मध्ये जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या एका तागाच्या गिरणीतल्या लोकांचं आणि तिथल्या दुकानदारांचं खाणं, वजन आणि काम यांचा ताळा मांडला. हलक्यापासून अवजड कामापर्यंत जसं काम वाढत गेलं तसं खाणं वाढलं, वजन बेताचंच राहिलं. पण दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार कमी खात नव्हते. ते जास्त खात होते, आणि सगळ्यांत वजनदारही तेच होते. एका मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेला आपलं माप कळेनासं होतं, असा मेयर यांचा निष्कर्ष. म्हणजे थोडी हालचाल हवी ती चरबी जाळायला म्हणण्यापेक्षा भूक ताळ्यावर ठेवायला. रिकाम्या संध्याकाळचं कोडं इथं पुन्हा भेटतं.

त्याच वर्षी लंडनमध्ये एक गमतीचा पुरावा सापडला. जेरी मॉरिस यांनी 1953 मध्येच दाखवलं होतं की दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. मग त्यांनी गणवेशांच्या नोंदी मागवल्या. ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांहून मोठी होती. जिन्यानं कंबर आटोक्यात ठेवली, असं म्हणायचा मोह होतो. पण तरुण वयातल्या पँटींतही तो फरक होता, म्हणजे जाडसर माणसं आधीपासूनच सुकाणूकडे वळत असावीत. शिवाय कंबर कितीही असो, त्या त्या मापाच्या ड्रायव्हरापेक्षा कंडक्टरचं हृदय बरं होतं. वजनकाट्याला न कळणारा फायदा म्हणतात तो हा.

काट्याचा विषय निघालाच आहे तर पडुआचा वैद्य सांतोरिओ आठवतो. त्यानं एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे 30 वर्षं खाण्याआधी, खाण्यानंतर, झोपेत, कामात स्वतःला तोलत राहिला. त्याचा ग्रंथ 1614 सालचा. दिवसाला आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातले पाच पौंड कुठेतरी न दिसता निघून जातात, असं त्याला आढळलं. जेवताना खुर्ची अशी टांगलेली असे की ठरलेलं वजन पोटात गेलं की ती खाली यावी. उठा, पुरे झालं. घटलेली चरबी जाते कुठे, याचा चोख हिशेब मात्र लोकांपुढे आला तो 2014 मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखातून. 10 किलो चरबी कमी झाली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. घामाच्या धारा पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे वाचावं.

श्वास लागेल असा छंद म्हणाल तर माझं मत मंगळागौरीला. श्रावणातल्या मंगळवारची पूजा नवविवाहितेची, पण खेळायला वयाची अट नाही. फुगडी, झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, सूप नाचवणं. बसफुगडीत उकिडवं बसून, गुडघे न टेकता, उड्या मारत पाय पुढे टाकायचे असतात. जिममध्ये पैसे भरून तेच शिकवतात, फक्त तिथे गाणं नसतं. चरकानं सांगितलेल्या चार उपचारांपैकी जागरण आणि व्यायाम त्या एका रात्रीत उरकतात. त्यावर पाणी फिरवायला भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ तयारच असते.

हल्ली शहरांतून या खेळांच्या स्पर्धा होतात आणि त्यासाठी सोसायट्यांचे गट महिना-दीड महिना आधीपासून सराव करतात. आमच्या सोसायटीच्या गटाच्या प्रमुख काकू सत्तरीला टेकल्या आहेत. यंदा सरावाची वेळ ठरवताना नोकरी करणाऱ्या मुलींनी रात्री नऊ सुचवलं, जेवणं उरकून निवांत. काकूंनी साफ नकार दिला. सराव पाच ते सातच होईल, ज्यांना जमत नाही त्यांनी शनिवार-रविवार यावं. कारण विचारल्यावर त्यांनी फाटकाबाहेर हात केला. वडापावची गाडी तिथे पाचला लागते, आणि सातपर्यंत तिचे गरम वडे संपलेले असतात.