हौसेचा हात आणि पोटाचा हात

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आता आपल्या घराघरांत रुळला आहे. जुन्या लग्नपत्रिका, रिकाम्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, आइस्क्रीमच्या काड्या, फुटलेल्या बांगड्या यांपासून काहीतरी शोभेचे करावयाचे. ते सोपे असावे, घरच्या घरी व्हावे आणि तासा-दोन तासांत हातावेगळे व्हावे, एवढीच अपेक्षा. सुटीत नातवंडे आली की ओसरीवर हा उद्योग मांडला जातो, आणि आम्ही म्हातारी माणसे सतरंजीला चिकटलेला डिंक पाहून कपाळाला आठ्या घालीत का होईना, पण कौतुकच करतो. हाताला काम मिळाले की मूल शांत होते, हा अनुभव कोणत्या घराला नाही?

तथापि या कौतुकाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हांस बरेच दिवस सतावीत आहे. आपण हौस म्हणून जे करतो तेच काम दुसरा कोणी पोटासाठी करीत असतो. मातीचा बैल, गोधडी, पणती, तोरण, नक्षीची थाळी ही कोणाची तरी भाकरी आहे. मग त्या कामाशी आपण चार घटका खेळलो, तर त्या माणसाचे आपण काही लागतो किंवा कसे? त्याच्याविषयीची आपली जबाबदारी वाढते, कमी होते, की तिला धक्काच लागत नाही?

आधी 'टाकाऊ' या शब्दाविषयी थोडे. आमच्या आजीच्या घरी या शब्दाला फारसा वावच नव्हता. नऊवारी लुगडे विरले की त्याची दुपटी व्हायची, दुपटे फाटले की ते गोधडीच्या पोटात जायचे, आणि गोधडीतूनही बाहेर पडले की त्याचे पोतेरे व्हायचे. चुलीतील राख भांडी घासायला, करवंटी दूध-तुपाच्या डावासाठी. यात कला होती असे कोणी म्हणत नसे. काटकसर होती, आणि पुष्कळदा ती केवळ नाइलाजाची होती. आज टाकाऊतून टिकाऊ करावयाचे तर आधी बाजारात जाऊन डिंक, चमकी, सोनेरी कागद आणि रंगाच्या डब्या विकत आणाव्या लागतात. एका बाटलीची फुलदाणी होईपर्यंत नव्या चार वस्तूंची वेष्टने कचऱ्यात जातात. हा विनोद असो. हौसेला हौस म्हणावे, तिला काटकसरीचा मुलामा देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

घरच्या घरी करावयाच्या सोप्या वस्तूंत आपल्या मुलखातील सर्वांत जुनी म्हणजे मातीची बैलजोडी. ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी होते, बैलांना रंगवून मिरविले जाते, आणि पुढे पंधरा दिवसांनी येणाऱ्या अमावास्येला मातीच्या बैलांची पूजा होते. आपले कानडी शेजारी तिला 'मण्णेत्तिन अमावास्या' म्हणतात. मराठवाड्यातील श्रावणी अमावास्येचा पोळा तो निराळा. भालकीकडील आमच्या गावी त्या दिवशी शेतातील काळी चिकण माती आणून मुले बैल करीत. माती नीट मळली नाही, तर वाळताना पोटाला भेग पडते. पाय बारीक केले तर बैल बसतो, जाड केले तर त्याचा हत्ती होतो. शिंगे तर हमखास गळून पडत. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दोन दाणे खोचले की मात्र तो कसाही असला तरी बैल दिसू लागे.

आता यातील आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. घरात मुलांनी चार-चार जोड्या केलेल्या असताना त्याच सकाळी कुंभाराची जोडी घरी येत असे आणि तिच्या बदल्यात सूपभर ज्वारी घातली जाई. घरची जोडी खेळायला, कुंभाराची पूजेला. आम्ही आजोबांना विचारले होते की, आपले बैल देवाला का चालत नाहीत? त्यांनी देवाचे नाव काढले नाही. "त्याचा हक्क आहे," एवढेच ते म्हणाले.

बलुत्याच्या त्या व्यवस्थेचे गोडवे गावेत असे आम्हांस वाटत नाही. त्या 'हक्का'त माणूस जन्माने कामाला बांधलेला होता, सूप भरणाऱ्याच्या मर्जीवर होता, आणि ज्यांच्या वाट्याला सर्वांत घाण काम त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी धान्य व सर्वाधिक अवहेलना होती. ती गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर एक जाणीवही गेली. घरात एखादी वस्तू करता आली म्हणून ती करणाऱ्याचे देणे फिटत नाही, ही ती जाणीव होय. आज आपण हिशेब उलटा मांडतो. घरी करता येते, मग विकत कशाला? किंवा त्याहून वाईट म्हणजे, घरी करता येते, मग इतके पैसे कशाचे मागतोस?

अर्थात येथे न्यायाने बोलले पाहिजे. कुंभाराचे गिऱ्हाईक नातवंडांच्या मातीच्या बैलांनी पळविलेले नाही. ते प्लास्टिकने, साच्यातील प्लास्टर ऑफ पॅरिसने आणि नळाबरोबर आलेल्या टाक्यांनी नेले. घरगुती हस्तकलेवर तो आरोप करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. हौसेने कारागिराची भाकरी जात नाही. जाते ती त्याच्या कामाविषयीची आपली समज, आणि आमचा प्रश्न त्या समजेपुरता आहे.

हौस आणि पोट यांतील प्रतिष्ठेची दरी पाहावयाची असेल तर रुखवताकडे पाहावे. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, काड्यापेटीतील काड्यांचे घर, गव्हले, नखुले, मालत्या, बोटव्या असे सारे मांडून झाले की व्याही मंडळी म्हणत, "मुलीच्या हाताला कला आहे." त्याच घरात पांघरायच्या वाकळी शिवून देणारी बाई दुपारभर परसात बसलेली असे. तिचा धावदोरा त्या क्रोशाइतकाच सरळ असायचा. अंधुक उजेडात, जाड सुईने, सात-आठ पदरांतून काढलेला. तिच्या हाताला कला आहे असे कोणी म्हणाल्याचे आम्हांस स्मरत नाही. बोटे तीच, सुई तीच. मोबदला घेतला की कलेचा धंदा होतो आणि धंद्याची पायरी खाली, असा हा न्याय. आता तर रुखवतही तयार मिळते, भाड्यानेही मिळते; म्हणजे हौसही पोटासाठी राबणाऱ्या कोणाकडून तरी विकत घ्यावयाची आणि श्रेय मात्र मुलीच्या हाताला द्यावयाचे!

हा न्याय ज्या भूमीत आपण चालवितो ती भूमी कोणती, याचाही विचार व्हावा. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी 'कायक' ही कल्पना जेथे रुजविली ते कल्याण आपल्या बिदर जिल्ह्यातच आहे. चर्मकार हरळय्या, धोबी मडिवाळ माचिदेव, सांडलेले तांदूळ वेचून निर्वाह करणारा आयदक्की मारय्या ही त्या मांदियाळीतील माणसे. मारय्याने एके दिवशी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने जास्तीचे परत ठेवून यावयास सांगितले, अशी कथा सर्वश्रुत आहे. कायकात पोट आहे, पण नुसते पोट नाही; मनाची ओढ आहे, पण तिला हौस म्हणता येत नाही. आपण जी फाळणी करून बसलो आहोत ती तेथे मुळातच नव्हती. पंढरीच्या वाटेवरही गोरोबा, सावतोबा, सेना न्हावी आहेतच. सेना महाराजांना तर परंपरा बिदरच्या दरबाराशी जोडते. आपली घराणी येथे कोणी वतनावर, कोणी चाकरीत, कोणी व्यापारपेठेत म्हणून आली. आपण दिंडीत टाळ धरले आणि अनुभवमंटपाचे दर्शनही घेतले, पण घासाघीस मात्र दारात तशीच चालू ठेवली.

बिद्रीचे उदाहरण याहून टोकदार आहे. अलीकडे काळ्या रंगविलेल्या थाळीवर चंदेरी पेनाने वेलबुट्टी काढून 'घरच्या घरी बिद्री' करण्याची टूम निघाली आहे. मुलांनी ती करावी. त्यात गैर काही नाही. परंतु खरी बिद्री म्हणजे काय? जस्त आणि थोडे तांबे यांचा मिश्रधातू मातीच्या साच्यात ओतावयाचा, कानशीने घासून साफ करावयाचा, मोरचुदाने तात्पुरता काळा करून त्यावर नुसत्या हाताने नक्षी कोरावयाची, कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवावयाची, पुन्हा घासून गुळगुळीत करावयाची. आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या मिश्रणात ती बुडवावयाची. धातू काळाभोर होतो, चांदी जशीच्या तशी उजळ राहते. ही माती किल्ल्याच्या ऊन-पाऊस न लागलेल्या जागेतून घेतात आणि जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. २००६ साली बिद्रीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. नाव कायद्याने राखले गेले, एका हाताचा सन्मान झाला, हे दोन्ही उत्तमच.

आम्ही सरकारी नोकरीत असताना हस्तकलांची अनेक प्रदर्शने पाहिली. बिद्रीच्या मांडणीपुढे सुशिक्षित गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन, फिरवून, एक वाक्य हमखास बोलत असे : "एवढीशी डबी, आणि एवढी किंमत?" ज्याने आयुष्यात कधी सुईही धरलेली नाही त्याचे हे वाक्य क्षम्य मानता येईल. पण दुसरे एक वाक्य असे, "हे तर मीही घरी करीन." ते बहुधा सोप्या कलाकुसरीचे वर्ग केलेल्या मंडळींकडून येई. आमच्या मते सोप्या हस्तकलेतला खरा धोका हा आहे. सोपे ते सोपे म्हणून शिकविले तर हरकत नाही. परंतु सोप्याची सवय लागलेला हात अवघडालाही सोपे समजू लागतो.

आणि तरीही आम्ही म्हणतो की मुलांना हे करू द्यावे. किंबहुना करावयास लावावे. कारण याच्या अगदी उलटही घडते आणि त्याचा मोठा दाखला महात्माजींचा आहे. ते रोज सूत कातीत. ती हौस नव्हे, त्यांनी तिला यज्ञ म्हटले. पण पोटासाठी कातणे ते नव्हतेच. १९३५ साली त्यांनी चरखा संघापुढे आग्रह धरला की कातणाऱ्या बायांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. खादी महाग होईल, खप घटेल, अशी भीती संघातील कार्यकर्त्यांनाच वाटत होती. तरी ते मागे सरले नाहीत. ज्या हाताला तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा कंटाळा ठाऊक आहे, त्यालाच दुसऱ्याच्या धाग्याची किंमत कळली, असे आम्ही समजतो. पुढे १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत त्यांनी हस्तोद्योग शाळेच्या केंद्रस्थानी ठेवला. मुलांनी केलेला माल विकावयाचा ठरला तर तो गावच्या कारागिराच्या पोटावर येईल, अशी शंका त्या योजनेवर तेव्हाही घेतली गेली होती. आपला प्रश्न तर नवीन नाहीच. आज आपल्या शाळांत कार्यानुभव म्हणून जे उरले आहे, ते पुष्कळदा आईने रात्री जागून केलेले आणि मुलाने सकाळी नेऊन दिलेले असते. त्यात ना कार्य, ना अनुभव.

अरविंद गुप्ता यांची खेळणी हा येथे एक सुखद अपवाद आहे. काड्यापेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमितीच्या आकृत्या उभ्या करावयास शिकविले. पुण्याच्या आयुकातील त्यांचे काम पुष्कळांना ठाऊक असेल. तेथे कोणा कारागिराची नक्कल नाही आणि शोभाही नाही. वस्तू मोडून पाहण्यातच तिचे सार्थक आहे. आपल्या घरातील 'टाकाऊतून टिकाऊ'ने या बाजूला थोडे वळावे असे आम्हांस मनापासून वाटते. पण गोधडी, बैल, पणती यांचे तसे नाही. त्यांच्यामागे माणूस उभा आहे.

आमच्या नात्यातील एका सूनबाईंनी मध्यंतरी हौसेने गोधडी शिवावयास घेतली. आत तीन पातळे, वर चौकोनी तुकडे, लहान मुलाच्या मापाची. पाचव्या दिवशी बोटांना सुईची भोके पडली, चौथी बाजू पहिलीशी जुळेना, आणि कोपऱ्यात अंगठ्याएवढा फुगवटा राहिला तो राहिलाच. ती पुरी केल्यावर घरच्या मोठ्या गोधड्यांसाठी त्यांनी गावातील एका वयस्क बाईला बोलाविले. बाईंनी सांगितलेला दर ऐकून सूनबाई गप्पच झाल्या. दर फार कमी होता. त्यांनी विचारले, "आजी, ह्यात तुमचे दिवस किती धरले?" बाई म्हणाल्या, "दोरा माझा धरलाय, सुई माझी धरलीय. दिवसाचं काय धरायचं, माय? ते तर घरचेच हायेत की."

एका गोधडीला पंधरा दुपारी लागल्या होत्या. सूनबाईंनी दोन दुपारींचा एक दिवस धरला, गावात खुरपणीला जी रोजंदारी चालू होती तिने गुणिले, दोऱ्याचे वर घातले आणि रक्कम बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी नोटा दोनदा मोजल्या, मग उंबऱ्यातच थांबून विचारले, "ह्यात आणिक कुणाची गोधडी धरलीया का?"